पुढचे पाटे : वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधली उत्तरं

प्रश्न : काका, माझी २०१३ ची थार सीआरडीई आहे. आमच्या ग्रुपमध्ये दोन जुन्या एमएम ५४० जीपा आहेत. चर आडवा आला की त्यांची पुढची चाकं वरखाली होत जमीन धरून राहतात. माझं एक चाक हवेत जातं, गरगर फिरतं आणि गाडी तिथंच बसते. मेकॅनिक म्हणतो, पुढचं इंडिपेंडंट सस्पेन्शन काढून टाकू, जुन्या जीपचं हाउसिंग (दोन्ही चाकांना जोडणारी सलग नळी) पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसवू, चार दिवसांचं काम आहे. करावं का? आणि पाटे कुठले घ्यावेत?
— एक वाचक, पौड

उत्तर : चार दिवसांत होतं ते काढायचं काम. बसवायचं काम वेगळं.

तुमच्या गाडीत मागे पाटे आणि सलग हाउसिंग आहे, पुढे मात्र दोन आर्म आणि टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा गोळा) चेसिसलाच बोल्ट केलेलं आहे, त्यातून दोन छोटे शाफ्ट चाकांकडे जातात. प्रत्येक चाक आपल्यापुरतं हलतं आणि आर्मची लांबी कमी, म्हणून खाली लटकायलाही फार जागा नाही. सलग हाउसिंगचं तसं नसतं. एक चाक दगडावर चढलं की तीच नळी दुसऱ्या चाकाला खाली रेटते. तुमच्या मित्रांच्या गाड्या जमीन धरतात त्या यामुळे. शाबासकी पाट्यांना मिळते, काम हाउसिंगचं असतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगतो. चाक हवेत गेलं म्हणून गाडी अडत नाही. डिफरन्शियल उघडं, म्हणजे लॉक नसलेलं, असल्यामुळे इंजिनाचा सगळा जोर त्या रिकाम्या चाकातून निसटतो, म्हणून अडते. २०१५ च्या सुधारित थारमध्ये कंपनीने मागे आपोआप लागणारं लॉकिंग डिफरन्शियल दिलं, तुमच्या २०१३ च्या गाडीत ते नाही. आधी मागे लॉकर बसवा आणि एक पावसाळा त्याच चरांतून फिरा. माझा अंदाज असा की त्यानंतर हे पत्र तुम्ही पुन्हा लिहिणार नाही. आणि तोपर्यंत कोणी टॉर्शन बारचा बोल्ट पिळून गाडी उचलून देतो म्हणाला तर नको म्हणा. उंची दिसते खरी, पण चाकाला खाली लटकायला जी थोडी जागा होती तीही जाते आणि शाफ्टचे जॉइंट वाकड्या कोनात फिरून लवकर मरतात.

तरीही करायचंच असेल, तर पाट्यांचा विचार सगळ्यात शेवटी करा.

पहिलं, हाउसिंगचा रेशो. विलीजच्या वंशातल्या जुन्या हाउसिंगमध्ये क्राउनला (मोठ्या गिअरला) ४३ आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) ८ दात, म्हणजे ५.३८ चा रेशो, सर्रास सापडतो. नंतरच्या गाड्यांत दुसरेही आहेत. तुमच्या मागच्या हाउसिंगशी तो जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर फोर व्हील टाकल्याबरोबर पुढची चाकं एका वेगाने आणि मागची दुसऱ्या वेगाने फिरू पाहतील, आणि मधला ट्रान्सफर (पुढे-मागे जोर वाटणारा गिअरबॉक्स) ते सोसत बसेल. भंगारवाल्याच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. त्याच्या दारातच एक चाक अडवून धरा, दुसरं हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात पिनियनचा फ्लॅंज (शाफ्ट जोडायचं तोंड) किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. तो आकडा म्हणजे रेशो. त्याच वेळी पिनियन डावीकडे आहे की उजवीकडे तेही बघा, आणि तुमच्या ट्रान्सफरचं पुढचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही. बाजू चुकली तर प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफरपासून हाउसिंगकडे जाणारा दांडा) इंजिनाच्या ऑइल चेंबरच्या खालून तिरका न्यावा लागतो, आणि तसा तो टिकत नाही.

चेंबरचा विषय निघालाच आहे. तुमच्या इंजिनाखाली आज डिफरन्शियल जागच्या जागी राहतं. सलग हाउसिंग मात्र वरखाली नाचतं. पाटे पूर्ण दबले की ते ऑइल चेंबरवर आदळणार नाही इतकी जागा लागते, म्हणजे गाडी काही इंच उचलावी लागेल किंवा हाउसिंग थोडं पुढे सरकवावं लागेल. बंप स्टॉप (हाउसिंगची वरची धाव अडवणारे रबर) या मोजमापानंतर लावायचे. आधी लावून उपयोग नाही.

दुसरं, स्टेअरिंग. तुमच्या गाडीत रॅक आहे. सलग हाउसिंगवर तो चालत नाही, कारण रॅक चेसिसला बांधलेला आणि दोन्ही चाकं एकत्र खालीवर होणार. म्हणून चेसिसवर पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स, तिथून आडवा ड्रॅग लिंक पलीकडच्या बाजूच्या नकलपर्यंत (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यापर्यंत) आणि नकल ते नकल टाय रॉड, असं सगळं नव्याने उभारावं लागतं. ड्रॅग लिंक जितका लांब आणि जितका आडवा तितकं बरं. तो तिरका पडला की प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंग आपोआप वळतं. चेसिसवर जिथे बॉक्स बसतो तिथे आतून प्लेट मारल्याशिवाय वेल्डिंग करू देऊ नका. काही दिवसांनी पत्रा फाटतो तो तिथेच. या खात्यात पैसे वाचवणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसत नाही, जवळच्या नातेवाईकाच्यासुद्धा.

आता पाटे. आमच्या भागात वडापच्या, म्हणजे शेअर भाड्याच्या, जीपांनी टपापर्यंत माणसं भरून घाट चढले, ते याच पाट्यांच्या जिवावर. म्हणून भंगारात तेच पाटे आधी पुढे केले जातात, 'मजबूत आहेत' म्हणून. ते घेऊ नका. ते वजनासाठी भरलेले असतात, तुमच्या पुढच्या टोकाला ते फळीसारखे वाटतील आणि चाक काही वरखाली होणार नाही.

हिशेब सोपा आहे. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो आणि लांबीच्या घनाने कमी होतो. ६ मिमीच्या जागी ७ मिमीचा पाटा घातलात तर तो जवळजवळ साठ टक्के जास्त कडक झाला. उलट लांबी एक दशांशाने वाढवलीत तर कडकपणा चौथ्या हिश्श्याने घटला. म्हणून जाड थोडे पाटे घेण्यापेक्षा पातळ जास्त पाटे घ्या, आणि चेसिस देईल तितके लांब. कमान कमीत कमी ठेवा. खूप वाकवलेले पाटे गाडीला उंच दाखवतात, पण चाकाला लटकू देत नाहीत. जुन्या पाट्याला गॅस लावून कमान चढवणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्या हातचा पाटा पहिल्या हंगामात छान दिसतो, दुसऱ्यात बसतो, कारण स्प्रिंग स्टीलचं पाणी उतरलेलं असतं. आणि पाट्यावर वेल्डिंगचा थेंबही पडू द्यायचा नाही, चीर तिथूनच सुरू होते.

शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) कुठे ठेवायचा हा वाद कुठल्याही शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीला पुरतो. जुन्या जीपांत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आणि पक्की पिन मागे. दगड लागला की पाटा सरळ होत हाउसिंग पुढे, म्हणजे दगडाकडेच सरकतं, म्हणून धक्का बसतो. शॅकल मागे नेला की हाउसिंग मागे सरतं आणि रस्त्यावर गाडी मऊ वाटते. पण मग प्रॉपेलर शाफ्टच्या स्लिपला (सरकत्या जोडाला) जास्त हालचाल लागते आणि ब्रेक मारल्यावर नाक जास्त झुकतं. तुम्ही दगडांतून हळू चालवणार असाल तर जुनी पद्धतच ठेवा, पौड ते पुणे रोजचं असेल तर शॅकल मागे. कुठेही ठेवला तरी गाडी सपाटीवर उभी असताना तो तिरका दिसायला हवा. सरळ उभा असेल तर पाटा लांब होताना तो कुठल्या बाजूला पडेल याचा भरवसा नाही.

राहिला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन. हाउसिंग पाट्यावर बसवताना पिनियन वर उचलला की तेवढाच कॅस्टर कमी होतो, कारण दोन्ही एकाच नळीवर आहेत. पाच-सहा अंश कॅस्टर राहिला पाहिजे. तो गेला की साठच्या वेगाला खड्डा लागून स्टेअरिंग जे थरथरायला लागतं ते गाडी थांबेपर्यंत थांबत नाही. पाचर मारून दोन-तीन अंश सुधारतात. त्याहून जास्त फरक असेल तर नकल कापून फिरवणं हाच मार्ग, आणि ते काम जिगवर (कोन पक्का धरणाऱ्या साच्यावर) करणाऱ्याकडेच द्या. जुन्या हाउसिंगला ड्रम ब्रेक असतील तर डिस्क करून घ्या आणि होज पाइप चाक पूर्ण लटकवून मग मापाचे करा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा अर्थ एवढाच की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी वाकून गाडीखाली बघेल. ज्यांना हे करायचं असतं ते अशी गाडी खासगी जागेवरच्या इव्हेंटपुरती ठेवतात आणि ट्रेलरवरून नेतात. तुमच्याकडे दुसरी गाडी नसेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. एखादी चांगली एमएम ५४० बघा. तिच्यात पुढचे पाटे कारखान्यातूनच आलेले आहेत.

प्रश्न : माझी जिप्सी आहे. पाटे हाउसिंगच्या खालून आहेत, ते वर घेतले तर गाडी फुकटात उंच होते असं ऐकलंय. खरं का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : उंच होते, पाच इंचांच्या आसपास. फुकटात होत नाही. पाटा टेकण्यासाठी हाउसिंगवर नवे पॅड योग्य कोनात वेल्ड करायचे, ड्रॅग लिंक पाट्याला घासतो म्हणून तोही वरून न्यायचा, ब्रेक होज लांब करायचे, शॉकअप बदलायचे. शिवाय हाउसिंग पाट्याच्या खाली गेल्यामुळे जोर लावताना पाटा एसच्या आकारात पिळतो, त्याला आवरायला वेगळा रॉड लागतो. तुमच्या लाल चिखलात उंचीपेक्षा टायरची नक्षी जास्त कामाला येईल. दोन इंच पुरत असतील तर थोडे लांब, मऊ पाटे करून घ्या. नुसते लांब शॅकल लावू नका : शॅकल दोन इंचांनी वाढवला तर गाडी एकच इंच उचलते, आणि पुढच्या बाजूला तो कॅस्टर खातो.

प्रश्न : आमची शेतावरची जुनी जीप आहे. पुढचे पाटे फार कुरकुरतात. मुलगा जळकं ऑइल ओततो, चार दिवस गप्प बसतात. काही अपाय?
— एक वाचक भगिनी, अकोट

उत्तर : ताई, ऑइलने रबरी बुश फुगून कुजतात आणि त्यावर धूळ बसून पाटे एकमेकांना घासून खातात. ओतणं बंद करा. पाटे एकदा खोलून तारेच्या ब्रशने साफ करा, मधे ग्राफाइट ग्रीस लावा, बुश नवे घाला. खोलले आहेतच तर मेन पाट्यावर सेंटर बोल्टच्या भोकाशी बारीक चीर आहे का ते उन्हात धरून बघा. पाटा तुटतो तो बहुधा तिथेच, आणि बऱ्याचदा ढिल्या यू बोल्टमुळे. बांधल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून यू बोल्ट पुन्हा एकदा आवळा, गाडी जमिनीवर उभी असताना, जॅकवर नाही.