बेसबॉलच्या ऑल-स्टार संघातले खेळाडू नेमकं कोण निवडतं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा ऑल-स्टार संघ, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंचा संघ, प्रेक्षक मतं देऊन निवडतात हे खरं का, आणि तसं असेल तर गुणी खेळाडू बाहेर राहत नाहीत का?

अर्धं खरं आहे. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येकीचा 32 जणांचा संघ, आणि या दोन संघांत ऑल-स्टार सामना होतो. प्रेक्षक ठरवतात ते फक्त सुरुवातीला उतरणारे फलंदाज. 12 पिचर (चेंडू टाकणारे) आणि राखीव मंडळी यांतल्या बहुतेकांची निवड खेळाडू, मॅनेजर आणि कोच यांच्या मतांवर होते. उरलेल्या जागा लीगचं कार्यालय भरतं.

लोकांनी गोंधळ घातलाय हे मात्र नाकारता येत नाही. 1957 साली सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्राने स्थानिक रेड्स संघाच्या खेळाडूंची नावं आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या. वाचकाने कापायची आणि पाठवायची, बस्स. नॅशनल लीगच्या 8 पैकी 7 जागा रेड्सनी पटकावल्या. फर्स्ट बेस या जागेवर सेंट लुईस संघाचा स्टॅन म्युझियल तेवढा तगला. शेवटी बेसबॉलचे कमिशनर (सर्वोच्च अधिकारी) फोर्ड फ्रिक यांनी रेड्सच्या दोघांना वगळून विली मेज आणि हँक आरन यांना घेतलं. मेज आणि आरनसारखे दिग्गज बाहेर बसणार होते, विचार करा! त्यानंतर प्रेक्षकांचा मताधिकारच गेला, तो परत मिळाला थेट 1970 मध्ये.

2015 मध्ये तोच प्रकार इंटरनेटवर झाला. एका ईमेलवरून 35 मतं देता येत होती. कॅन्सस सिटी रॉयल्स संघाच्या चाहत्यांनी असा धडाका लावला की एका टप्प्यावर त्यांचे 8 खेळाडू आघाडीवर होते. त्यात ओमर इन्फान्टेही होता, ज्याची बॅट त्या मोसमात अजिबात चालत नव्हती. लीगने 6 कोटींहून जास्त मतं बाद केली आणि अखेर रॉयल्सचे चौघं निवडून आले. आता मतदान दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात प्रत्येक लीगमध्ये सर्वाधिक मतं मिळवणारा थेट संघात जातो. बाकीच्या जागांसाठी आघाडीच्या खेळाडूंमध्ये पुन्हा मतदान होतं आणि मोजणी शून्यापासून सुरू होते.

माझं मत विचाराल तर प्रेक्षकांना उगाच बोल लावतात. हा सामना मुळात 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झाला, म्हणजे करमणुकीसाठीच. विक्षिप्तपणा झाला तो 2003 ते 2016 या काळात. जी लीग हा सामना जिंकेल तिच्या संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीत, घरच्या मैदानाचा फायदा मिळायचा. मतं लोकप्रियतेची आणि परिणाम थेट अजिंक्यपदावर!

खरी वादावादी होते ती राखीव जागांवरून. 30 पैकी प्रत्येक संघाचा निदान एक तरी खेळाडू हवा, हा नियम आहे. त्यामुळे तगड्या संघातला चौथा-पाचवा चांगला खेळाडू घरी बसतो. तरी हा नियम मला पटतो. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स 121 सामने हरले, पण त्यांचा पिचर गॅरेट क्रोशे ऑल-स्टार संघात होता आणि तो स्वतःच्या लायकीवर होता. हरणाऱ्या संघातही अशी माणसं असतात.

मला खटकलं ते 2025 चं. मिलवॉकीचा जेकब मिझिओरोव्स्की, ताशी 100 मैलांहून वेगाने चेंडू टाकणारा पोरगा. मेजर लीगमधले अवघे 5 सामने त्याच्या नावावर, आणि बदली पिचर म्हणून त्याची वर्णी लागली. फिलाडेल्फियाच्या खेळाडूंनी जाहीर नाराजी दाखवली. पोराचा काही दोष नाही. पण यात लोकांनी मत दिलं नव्हतं, नाव लीगकडून आलं होतं. तेव्हा लोकप्रियतेच्या मागे फक्त प्रेक्षकच धावतात असं समजू नका.