माथेरानला नेहमीचे पॉइंट सोडून वेगळं, जरा विचित्र असं काय बघता येईल?

तुम्ही लिहिलंय की दोन दिवस माथेरानला चाललोय, सोबत आई (गुडघ्याचा त्रास आहे) आणि दहा वर्षांचा मुलगा, आणि जिथे बघावं तिथे त्याच पॉइंटच्या याद्या, तर त्यापेक्षा वेगळं काही सांगा. माझं आजोळ पायथ्याच्या नेरळचं आणि मामी माथेरानची, त्यामुळे लहानपणी मे महिना निम्मा वर आणि निम्मा खाली असाच गेला, अजूनही वर्षातून दोन-तीनदा जातोच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे दस्तुरीला, खालून आलेल्या गाड्या जिथे थांबतात तिथे, उतरल्या उतरल्या घोडेवाले "सात पॉइंट, बारा पॉइंट" म्हणत येतील, पहिल्या दिवशी ते घेऊ नका. घोडेवाल्यांशी माझं काही वाकडं नाही, त्यांचं पोट त्यावर आहे आणि पॅनोरमा किंवा सनसेटसारख्या लांबच्या ठिकाणी जायला घोडा चांगलाच आहे, पण त्या फेरीत तुम्ही फक्त दऱ्या बघता, गाव बघत नाही. आणि माथेरानमधलं खरं नवल गावातच आहे. इथे मोटारगाडी चालत नाही, अॅम्ब्युलन्स, आगीचा बंब आणि आता आलेल्या थोड्या ई-रिक्षा सोडल्या तर. शाळेत, बँकेत, दवाखान्यात बहुतेक सगळे चालत जातात. असं राहणारं गाव कसं चालतं हे बघायला मिळणं हीच मला सगळ्यात वेगळी जागा वाटते.

ते बघायचं तर एका सकाळी लवकर उठून दस्तुरीच्या रस्त्यावर या, सात-साडेसातला. खालून टेम्पोने आलेला माल तिथे उतरतो आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर तो घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर जातो, दूध, कांदे-बटाटे, गॅसचे सिलिंडर, सिमेंटच्या गोण्या, कुणाच्या घरचं कपाट असेल तर ते पण. तुम्ही हॉटेलात जो चहा पिता त्यातलं दूध असं आलेलं असतं. माझी मामी सिलिंडर आला की आणणाऱ्याला आधी पाणी आणि गूळ द्यायची, मग पैसे. मुलाला हे नक्की दाखवा, दहा वर्षांचं पोर हे विसरत नाही.

हातरिक्षा ओढणारे पण याच रस्त्यावर दिसायचे. चढावर माणूस माणसाला ओढतोय हे मला लहानपणीसुद्धा बघवायचं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सहा महिन्यांत हे बंद करा आणि त्या लोकांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करा. मला मनापासून वाटतं की हे फार आधी व्हायला हवं होतं. आईंसाठी दस्तुरीलाच ई-रिक्षाची चौकशी करा, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून टॉय ट्रेनची शटल गाडी घ्या, ती थेट बाजारात उतरवते आणि तिकीट परवडणारं आहे.

गाडीचा विषय निघालाच आहे तर आता माझ्या आवडीची जागा. लोक टॉय ट्रेनमध्ये बसतात पण रुळाकडे कुणी बघत नाही. दोन फूट रुंदीचा रूळ, नेरळ ते माथेरान साधारण 21 किलोमीटर, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशातून बांधायला घेतला आणि 1907 ला गाडी सुरू झाली, खर्च आला 16 लाख. सरकारने नाही, एका घराने डोंगरावर रेल्वे चढवली. जुलै 2005 च्या पावसात हा रूळ वाहून गेला, 2007 ला परत सुरू झाला, 2019 च्या पावसात परत उखडला आणि पूर्ण मार्गावर गाडी धावायला ऑक्टोबर 2022 उजाडला. वाटेत एकच बोगदा आहे, इतका छोटा की त्याचं नावच वन किस टनेल पडलंय, अंधार होतो न होतो तोच उजेड येतो. अमन लॉज ते बाजार हा रुळाच्या कडेकडेचा टप्पा चालत करा, घोड्यांची धूळ नाही, उन्हाळ्यातही बराचसा सावलीत, आणि चढ इतका हळू आहे की आईंना जमत असेल तर थोडा भाग त्याही चालतील. फक्त शटलची शिट्टी ऐकली की बाजूला थांबायचं आणि मुलाचा हात धरायचा.

त्याच रुळाने उलट दिशेला, म्हणजे दस्तुरीहून नेरळकडे उतरत गेलं की कड्यावरचा गणपती लागतो. ही जागा खरोखर विचित्र आहे. कड्याच्या टोकाशी एक भलामोठा खडक आहे, त्यात कुणा रेल्वे कर्मचाऱ्याला गणपतीचा आकार दिसला आणि मग त्याला रंगरूप देऊन तिथे अख्खा गणपती उभा राहिला, आता गाडीतूनही दिसतो. एका बाजूला रूळ, एका बाजूला दरी, समोर नेरळ-कर्जतचा सगळा पट्टा. तिथूनच पेब उर्फ विकटगडाकडे जायची वाट पण आहे, पण ती शिड्यांची आहे, ट्रेकची सवय नसेल तर नको. गणपतीपर्यंत जायला दीड तास धरा, यायला जास्त, कारण येताना चढ. आईंना या दिवशी हॉटेलवर आराम करू दे, तुम्ही आणि मुलगा जा, पाणी भरपूर घ्या, वाटेत दुकान असेल या भरवशावर राहू नका.

आईंना न्यायचं ते शार्लोट लेकला, पण दुपारच्या गर्दीत नाही, सकाळी. लोक तिथे जातात, बांधावर उभं राहून फोटो काढतात आणि परत येतात. पण हे तळं गावाचं पिण्याचं पाणी आहे, म्हणून त्यात पोहायला मनाई आहे, कृपा करून मुलाला पाय पण बुडवू देऊ नका. मामी सांगायची की आधी तळ्याकडे बघायचं, पाणी किती आहे ते, मग पाहुण्यांना बोलवायचं. काठावरच पिसारनाथाचं मंदिर आहे, माथेरानचं ग्रामदैवत, स्वयंभू शंकर, शेंदूर लावलेला. पर्यटकांसाठी ते दोन मिनिटांचं दर्शन असतं पण गावातल्या लोकांसाठी तोच मालक आहे, कुणाचं काही शुभ ठरलं की आधी नारळ तिकडे. सकाळी तिथल्या दगडावर अर्धा तास शांत बसा, झाडात शेकरू दिसायची बरीच शक्यता असते, मोठी तांबूस खार, आपला राज्यप्राणी. आधी आवाज येतो, मग फांदी हलते, मग शेपूट दिसते. माकडं मात्र हातातली पिशवी ओढतात, प्रसाद-बिस्कीट बॅगेत आत ठेवा आणि खायला घालू नका.

झाडांकडे पण बघा. 1850 ला ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढला आणि इंग्रजांचं हिलस्टेशन झालं, पण रान त्याच्या आधीचं आहे आणि नावातही तेच आहे, माथ्यावरचं रान. जांभूळ, हिरडा आणि अंजन. अंजनाला उन्हाळ्यात निळीजांभळी फुलं येतात, फांदीला चिकटून, झुपकेच्या झुपके, फुलला की अख्खं झाड निळं दिसतं. या रानासाठीच 2003 ला माथेरान इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील भाग, म्हणून जाहीर झालं.

आता अशी एक जागा जी यादीत असते पण चुकीच्या कारणासाठी. वन ट्री हिल. लोक तिथे जाऊन समोरची टेकडी बघतात, खाली मोरबे धरणाचं पाणी दिसतं, फोटो, संपलं. पण तिथेच कड्याच्या खाचेतून एक वाट खाली उतरते, तिला शिवाजीची शिडी म्हणतात. ती ट्रेकर लोकांसाठी केलेली नाही, खालच्या वाड्यांमधल्या माणसांची ती रोजची वाट आहे. एप्रिल-मे मध्ये सकाळी तिथे जाऊन थांबा, बायका डोक्यावर पाट्या घेऊन वर येतात, करवंदं, जांभळं, आंबे. अशाच वाटा पश्चिमेला धोदाणीकडून पण वर येतात. मी लहान असताना मामीबरोबर तिथेच करवंदं घ्यायला जायचो, ती कधी भाव करायची नाही आणि मलाही करू द्यायची नाही, म्हणायची की एवढा कडा चढून आलीये ती. तुम्हीही पानाच्या द्रोणातली करवंदं तिथेच उभं राहून खा, हॉटेलच्या नाश्त्यापेक्षा हजारपट चांगली.

गावात परत आलात की दोन ठिकाणं अशी आहेत जिथे पर्यटक जवळजवळ नसतातच. एक म्हणजे करसनदास मुळजींच्या नावाचं नगरपालिकेचं वाचनालय. करसनदास म्हणजे 1862 च्या महाराज लायबल खटल्यातले पत्रकार, धर्मगुरूंच्या गैरवर्तनावर लिहिलं म्हणून त्यांच्यावर बदनामीचा हा खटला झाला होता, त्यांच्या नावाची लायब्ररी डोंगरावरच्या एवढ्याशा गावात असावी हे मला फार आवडतं. दुसरं म्हणजे हुतात्मा भाई कोतवालांचं स्मारक. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, 1 डिसेंबर 1912 ला इथेच एका गरीब घरात जन्मले, वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत होऊन विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने गेले. माथेरानला येणाऱ्या बहुतेक लोकांना ते इथले हे माहीतच नसतं, इंग्रज साहेबांची नावं मात्र बऱ्याच पॉइंटना. मुलाला तिथे घेऊन जा आणि ही गोष्ट सांगा, सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका प्लीज.

रात्री जेवण झालं की अर्धा तास बाजारापासून लांब चाला, टॉर्च घेऊन. गाड्या नाहीत, त्यामुळे हॉर्न नाही, इंजिन नाही, स्वतःच्या चपलेखाली लाल मातीचा आवाज येतो आणि लांब कुठेतरी बांधलेला घोडा फुरफुरतो. मुंबईतून आलेल्या माणसाला पहिल्यांदा जरा भीती वाटते. टॉर्च दोन मिनिटं बंद करून वर बघा.

कपडे पांढरे आणू नका, ती लाल माती धुऊन जात नाही. चपला आणि चिक्की घ्यायच्या तर शेवटच्या दिवशी घ्या, आधी घेतल्या तर उगाच वाहाव्या लागतात. शनिवार-रविवार टाळता आला तर खूप बरं, मंगळवार-बुधवारी हेच गाव वेगळं असतं. आणि तुम्ही महिना लिहिलेला नाही, तर जूनच्या मध्यापासून निदान ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जाणार असाल तर नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज-माथेरान शटल चालते, नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरीला या. पावसात कड्यावरचा गणपती आणि शिवाजीची शिडी दोन्ही सोडा, दरडी येतात आणि दगड साबणासारखे होतात. पिसारनाथ मात्र धुक्यात जरूर बघा.