आधी गाईड, मग सीट, लॅपिंग सगळ्यात शेवटी

वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर हेडच्या (सिलिंडरवरच्या, वॉल्व्ह असलेल्या भागाच्या) कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. बहुतेकांकडे स्प्लेंडर जातीची, शंभर सीसीची, दोन वॉल्व्हची गाडी आहे. उत्तरं त्याच इंजिनाला धरून आहेत.

प्रश्न (साखळी, गोवा): गाडी चढावाला दम टाकते, किक हलकी लागते. मेकॅनिक म्हणतो, हेड उतरवून वॉल्व्ह घासायला हवेत. पाने चालवायची सवय आहे. हे काम घरी होईल का?

उत्तर: होईल, पण दोष हेडमध्येच आहे याची आधी खात्री करा. प्लग काढून भोकातून चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिलि इंजिन ऑइल सोडा, प्लग लावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारा. किक लगेच जड झाली तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये आहे आणि नुसतं हेड करून पैसे वाया जातील. फरक पडला नाही तर वॉल्व्ह. त्याआधी टॅपेटही (वॉल्व्हवरची फट ठरवणारा स्क्रू) बघा. एक्झॉस्टचं टॅपेट आवळून बसलं असेल तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि कधी कधी तेवढ्यावरच काम भागतं.

उघडण्याआधी इंजिन बाहेरून धुऊन कोरडं करा. खाणपट्ट्यातली लाल धूळ फिन्समध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांत) बसलेली असते. ती कॅम चेनच्या पोकळीत पडली की थेट क्रँकपर्यंत जाते.

मॅग्नेटो (इंजिनाच्या डाव्या टोकाचं, वीज तयार करणारं चाक) डावीकडून बघत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून 'टी' खूण केसवरच्या खुणेला आणा. दोन्ही रॉकर (वॉल्व्ह दाबणारे दांडे) हलके हलायला हवेत. हलत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा द्या. आता कॅमच्या चाकावरची 'ओ' खूण हेडच्या खाचेसमोर दिसेल. तिचा फोटो काढून ठेवा. चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला करा, चाक सोडवा आणि चेन तारेने वर बांधा. आधी बाजूचा छोटा बोल्ट, मग वरचे चार नट तिरप्या जोडीने थोडे थोडे ढिले करा. हा बाजूचा बोल्ट हमखास विसरला जातो. मग हेड निघत नाही म्हणून फिन्समध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात आणि फिन तुटते. अडलंच तर लाकडाच्या तुकड्यावरून हलके ठोके द्या आणि दुसऱ्या हाताने बॅरल खाली दाबून धरा, कारण बॅरल उचललं गेलं की खालचं पॅकिंगही गेलं. नट आणि वॉशर पुठ्ठ्यावर स्टडच्या जागेप्रमाणे खोचून ठेवा. तांब्याचा वॉशर ज्या स्टडवरून निघाला त्याच स्टडवर परत जायला हवा, नाहीतर नटाखालून ऑइल पाझरतं.

स्प्रिंग दाबायला जी-क्लॅम्प आणि कापलेला पाइप चालतो. दोन्ही कॉटर (स्प्रिंग अडवून धरणारे अर्धगोल तुकडे) चुंबकाने उचला. इनलेट आणि एक्झॉस्टचे भाग वेगळ्या डब्यांत ठेवा.

आता खरं काम. बहुतेक जण इथे थेट पेस्ट हातात घेतात, आणि त्यामुळेच दोन महिन्यांत तेच रडगाणं सुरू होतं. पहिल्यांदा गाईड, म्हणजे वॉल्व्हचा दांडा (स्टेम) ज्यात सरकतो ती नळी, बघायचा. स्टेम आणि गाईड पुसून कोरडे करा, वॉल्व्ह सीटपासून (तो टेकतो त्या कड्यापासून) साधारण १० मिमी वर उचला आणि आडवा हलवून बघा. डोळ्यांना दिसेल इतकी खटखट असेल तर तो गाईड गेला. झिजलेल्या गाईडमध्ये वॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी टेकतो, त्यामुळे सीट कितीही घासली तरी टिकत नाही. नवा गाईड घालायला हेड सगळीकडून सारखं तापवावं लागतं, मग गाईड रीमरने मापात आणावा लागतो. ते लेथवाल्याचं काम. गाईड बदलला की सीटही कापावीच लागते, कारण नव्या गाईडचा मध्य जुन्या सीटच्या मध्याशी जुळत नाही.

गाईड ठीक असेल तर सीट बघा. चांगल्या सीटवर सुमारे १ मिमी रुंदीची एकसारखी पट्टी दिसते. दीड मिमीच्या पुढे पसरली, खड्डे पडले किंवा एका बाजूला जळल्याची काळी रेघ असेल तर ३२, ४५ आणि ६० अंशांच्या कटरने ती पुन्हा बसवून घ्या. रुंद सीटवर दाब विभागला जातो, कार्बन चिरडला जात नाही आणि एक्झॉस्ट जळतो. वॉल्व्हची कड धारदार झाली असेल तर नवा वॉल्व्ह घ्या. पातळ कड लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते.

लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून वॉल्व्ह सीटवर घासणं, हे फक्त शेवटचं जुळवणं आहे. बारीक पेस्टचे मोहरीएवढे तीन-चार ठिपके वॉल्व्हच्या तोंडाला लावा, स्टेमला अजिबात नको. रबरी कपाची काठी तळव्यांत धरून अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे. आठ-दहा वेळा झालं की वॉल्व्ह उचला, पाव फेरा वळवा, पुन्हा तेच. राखाडी, न तुटलेली पट्टी दिसली की थांबा. ड्रिल मशिन लावून हे काम करू नये. पेस्ट एकाच जागी फिरते, गोल चर पडतात आणि सीट रुंद होते. मग हेड रॉकेलने धुवा आणि गाईडमधून कापड ओढून काढा. काळं यायचं थांबेपर्यंत कापड बदलत राहा.

नवे वॉल्व्ह सील घालून वॉल्व्ह बसवा आणि प्लग लावा. हेड उलटं ठेवून दहनकक्षात रॉकेल भरा. पाच मिनिटं कुठल्याही पोर्टमध्ये ओल आली नाही तर काम झालं. हेडच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी, आडवी आणि तिरपी धरा. खाली ०.०५ मिमीचं फीलर शिरलं तर जाड काचेवर ४०० आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून त्यावर हेड इंग्रजी आठच्या आकारात फिरवा.

पावसात एक काळजी घ्या. धुतलेल्या हेडच्या सीटवर आणि स्प्रिंगवर आपल्याकडे रातोरात तांबूस थर चढतो. लगेच ऑइलचं बोट फिरवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न (पणजी): मी मोटारसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाला) आहे. सकाळी पहिल्यांदा चालू केली की निळा धूर येतो आणि मिनिटाभरात जातो. रिंगा गेल्या का?

उत्तर: रिंगांचा धूर भार पडल्यावर, थ्रॉटल दिल्यावर येतो आणि सहसा जात नाही. तुमचं लक्षण वॉल्व्ह सीलचं आहे. सतत गरम राहून सीलचं रबर कडक होतं, रात्री वरचं ऑइल स्टेमवरून खाली उतरतं आणि सकाळी जळतं. पणजीच्या स्टँडवर गाडी दिवसभर गरम असते, थांबते, पुन्हा निघते. अशा गाडीचे सील लवकर जातात. सील बदलताना गाईडची खटखट बघितल्याशिवाय हेड मिटू नका. गाईड ढिला असेल तर नवा सीलही फार दिवस पुरत नाही.

प्रश्न (वास्को): मी बोटीवर असतो. आठ महिन्यांनी आलो तर गाडीत कॉम्प्रेशनच नाही. ठेवताना उत्तम चालू होती.

उत्तर: बंद इंजिनात बऱ्याचदा एखादा वॉल्व्ह उघडा राहतो. सायलेन्सरमधून समुद्राची दमट हवा आत जाते आणि सीटवर गंज धरतो, किंवा स्टेम गाईडमध्ये चिकटतो. टॅपेट कव्हर उघडा. मॅग्नेटो फिरवताना एखाद्या रॉकरखाली नको इतकी फट दिसली तर तो वॉल्व्ह अडकलाय. तसा अडकला असेल तर किक मारू नका, पिस्टन त्याला धडकू शकतो. स्टेमवर पातळ ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि मग हळू दाबून बघा. वॉल्व्ह सुटला पण कॉम्प्रेशन आलं नाही तर हेड उतरवून वर दिल्याप्रमाणे काम करा. गंजाच्या बारीक टिपक्यांना आधी जाड पेस्ट, मग बारीक. टिपके खोल असतील तर कटर.

पुढच्या वेळी जाताना दोन्ही रॉकर ढिले असतील त्या 'टी' खुणेवर इंजिन थांबवा, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह मिटलेले राहतील. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा, सायलेन्सरला ऑइलचा बोळा लावा आणि हँडलला लाल फडकं बांधा. घरच्या कुणी बोळ्यासकट चालू करायला नको.

प्रश्न (डिचोली): कार्बन काढायला कॉस्टिक सोडा चालेल का?

उत्तर: नाही. हेड अॅल्युमिनियमचं आहे, कॉस्टिक तेच खातो. कार्ब क्लीनर मारा, मुरू द्या आणि बांबूच्या चिपेने खरवडा. पॅकिंगच्या तोंडाला लोखंड लावू नका.

प्रश्न (फोंडा): सगळं स्वतः बसवलं. आता किक उलटी मारते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि हेडजवळून ऑइलही येतं. काय चुकलं?

उत्तर: फटाके आणि उलटी किक यांचं कारण बहुधा टायमिंग. मॅग्नेटोवर 'टी' आणि 'एफ' अशा दोन खुणा शेजारी आहेत. 'एफ' ठिणगीची आहे, कॅम 'टी'वर बसवायचा. चेन एक दात सरकली तरी हेच होतं. चेन लावल्यावर मॅग्नेटो हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि 'टी' व 'ओ' पुन्हा एकत्र येतात का बघा. मध्ये अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, वॉल्व्ह वाकेल.

ऑइलसाठी डॉवेल (हेड जागेवर धरणाऱ्या खुंट्या), रबरी सील आणि तांब्याचा वॉशर तपासा. जुनं पॅकिंग परत वापरलं असेल तर तेही कारण असू शकतं. स्टडची आटी पुसून स्वच्छ करा, नट तिरप्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत आवळा: मॅन्युअलमधल्या आकड्याचा एक तृतीयांश, दोन तृतीयांश, मग पूर्ण. बाजूचा बोल्ट त्यानंतर. टॅपेट इंजिन थंड असताना लावा. या इंजिनांत फट ०.०५ ते ०.०८ मिमीच्या घरात असते, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. सीट नव्याने बसवली असेल तर वॉल्व्ह थोडा आत बसतो आणि फट कमी होते, म्हणून ३०० किमीनंतर, गाडी रात्रभर थंड झाल्यावर ती पुन्हा मोजा.