घरी न दाखवता येणारा कागद

सुदामा नगर, इंदूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन ठेवला तेव्हा पोहे गार झाले होते. काकू दोनदा ओरडून गेल्या, तरी मी तसाच बसलो होतो. तू त्या परक्या देशाच्या मंत्रालयात, आणि चिनी कर्जाने तिथे बंदर बांधावं का यावर टिपण तुला लिहायचंय. तू म्हणालीस, 'काका, मी पडले भारतीय. चीनच्या बंदराविरुद्ध टिपण लिहिलं तर इथले म्हणणार, ही दुसरं काय लिहिणार! बाजूने लिहिलं तर मलाच झोप लागायची नाही.' मी म्हटलं, कराराचा मसुदा पाठव, वाचतो. त्यावर तू पटकन म्हणालीस, 'छे, तो कुणाला दाखवायचा नाहीये, तशा सह्या घेतल्यात आमच्या.' तू ते इतकं सहज बोललीस की माझ्या पोटात गोळा आला.

चीन चांगला की वाईट, हा वाद तुझा कॉलेजात घालून झालेला आहे, मला पुन्हा ऐकवू नकोस. तुझ्या त्या मंत्रालयाला बंदर हवंय, पैसा घरात नाही, आणि बाकीचे देणारे दहा वर्षं नुसते अहवाल लिहितात. चीन येतो आणि तीन वर्षांत बांधून देतो. गरजवंताला हे कळतं. मलाही कळलं होतं.

2006 मध्ये मी सांवेर रोडच्या आपल्या बुचांच्या कारखान्यासाठी बाहेरून मोल्डिंग मशीन घेतलं, उधारीवर. करार चौदा पानांचा, इंग्रजीत. मी पहिलं पान वाचलं आणि शेवटचं, जिथे सही करायची होती ते. एजंट म्हणाला, भाव खास तुमच्यासाठी आहे, कागद बाहेर जाऊ देऊ नका. मी तो दादालाही दाखवला नाही. वह्या सगळ्या दादा लिहायचा. त्याने वाचला असता तर नवव्या पानावर बोट ठेवलं असतं. मी कागद देवघराच्या फडताळात, सोवळ्याच्या घडीखाली ठेवला. काय बुद्धी ती!

मशीन उत्तम होतं, हे मुद्दाम सांगतो. नवव्या पानावर होतं की एक हप्ता चुकला तर उरलेले सगळे एकदम देणं. पॅनेलचा पासवर्ड त्यांच्याकडे, सुटे भाग त्यांच्याकडूनच, भांडण झालं तर लवाद परदेशात. 2008 ची मंदी आली, दोन हप्ते चुकले आणि रामबागेतलं घर गेलं. दादा रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, 'कागद कुठे होता?'

म्हणून सांगतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार: जो कागद घरी दाखवता येत नाही, त्यावर सही करायची नाही. देणारा चीन असो, जपान असो, नाहीतर आपली दिल्ली.

केनियाचं बघ. मोंबासा-नैरोबी रेल्वेसाठी त्यांनी 2014 मध्ये चीनच्या सरकारी एक्झिम बँकेकडून 300 कोटी डॉलरहून जास्त कर्ज काढलं. 2017 मध्ये गाडी सुरू झाली, धावतेही छान. पण मोंबासाचं बंदर गहाण पडलंय का, यावर देश वर्षानुवर्षं भांडत बसला, कारण करार कुणी पाहिलाच नव्हता. शेवटी नागरिक कोर्टात गेले. 2022 मध्ये मोंबासाच्या हायकोर्टाने कागद द्या म्हणून सांगितलं, आणि त्याच वर्षी नव्या मंत्र्याने त्यातली काही पानं उघड केली. भांडण झाल्यास लवाद बीजिंगमध्ये! वाचलं तेव्हा मला माझं नववं पान आठवलं. 2021 मध्ये काही संशोधकांनी 24 देशांचे असे 100 करार गोळा करून वाचले. 2014 नंतरच्या प्रत्येकात गुप्ततेचं कलम निघालं. म्हणजे तुझ्याकडून घेतलेली सही काही जगावेगळी नाही. तशा सह्यांचा तिथे साचाच आहे.

श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराची गोष्ट टिपणात घालू नकोस, घालायची तर नीट घाल. कर्ज फिटेना म्हणून चीनने बंदर उचललं, असं आपल्याकडे व्हॉट्सॅपवर फिरतं. 2017 मध्ये लंकेने ते 99 वर्षांसाठी चिनी कंपनीला दिलं, 112 कोटी डॉलर आले, ते परकीय गंगाजळीत गेले. बंदराचं कर्ज तसंच उभं राहिलं. लंकेच्या परदेशी देण्यात सगळ्यात मोठा वाटा बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा होता. तू भारतीय आहेस म्हणून तुझ्या चुका दुपटीने मोजतील, तेव्हा ऐकीव काही लिहू नकोस.

नुसतं 'नाही' म्हणणारेही मला आवडत नाहीत. म्यानमारने क्याउकफ्यू बंदराचा आराखडा उघडून एकेक आकडा तपासला आणि 2018 मध्ये 730 कोटी डॉलरचं काम 130 कोटींवर आणलं. मलेशियाने रेल्वेचं काम थांबवलं आणि 2019 मध्ये साडेपासष्ट अब्ज रिंगिटचं चव्वेचाळीसवर आणलं. दोन्हीकडे चीन उठून गेला नाही. बांगलादेशाने तर पद्मा पुलाला पैसा स्वतःचा घातला आणि बांधायला चिनी कंपनी लावली; 2022 मध्ये पूल खुला झाला. पैसा देणारा आणि बांधणारा एकच असला की बिल तपासणार कोण? हे वाक्य तुझ्या टिपणात यायलाच हवं.

आपल्या इंदूरचंच घे. खांडव्याहून इथवर रेल्वे यावी म्हणून तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीने. जमीनही फुकट दिली. पैसा आपला, जमीन आपली, आणि गाडी इंग्रजांच्या हुकमाने चालायची. तेव्हा धनको कोण आणि ऋणको कोण, एवढ्यावर भुलू नकोस. कलमं बघ.

तू म्हणशील, काका, तुम्ही स्वतः सही केलीत आणि मला शिकवता. हो, केली. जुन्या मशीनवर कारखाना सहा महिनेही तगला नसता, चौदा माणसांचे पगार होते. आजही ते मशीन घेईन. फक्त कागद दादासमोर, चहाच्या टेबलावर ठेवून घेईन. तेव्हा दादाला विचारलं असतं तर तो 'थांब' म्हणाला असता, आणि मला थांबायचं नव्हतं. एवढीच खरी गोष्ट आहे. मंदीबिंदी मी लोकांना सांगतो.

मसुदा मला पाठवू नकोस. मी बुचं करणारा निवृत्त माणूस, त्या कागदाचं घर मी नव्हे. त्या देशाच्या महालेखापालाला तो दिसला आहे का, संसदेच्या समितीपुढे गेला आहे का, एवढं विचार. उत्तर 'नाही' आलं तर टिपणाची पहिली ओळ तीच. बाकीची ताळेबंदाची पानं नंतर. तुला बाजूला केलं तर इकडे ये, वरची खोली रिकामी आहे.

दादाला तुझी सगळी हकिगत वाचून दाखवली. आता त्याला नीट ऐकू येत नाही, दोनदा वाचावी लागली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'किती पानं आहेत? तिने किती वाचलीत?'

तुझा,
काका