तानपुरा अडखळतो, दोष स्पीकरचा नव्हे

प्रश्न : माझा तानपुरा जवारीच्या कामासाठी दिला आहे. तोवर रियाजाला लॅपटॉपवर (विंडोज ११) तानपुऱ्याची फाइल लावते. फाइल लॅपटॉपमध्येच साठवलेली आहे, तरी दर दोन-चार मिनिटांनी नाद अडखळतो, ‘टर्र’ होऊन पुढे जातो. हेडफोन लावला तरी तेच. दुरुस्तीवाले म्हणतात, स्पीकर बदला. बदलू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नका बदलू. हेडफोनमध्येही ‘टर्र’ येते, म्हणजे स्पीकर निर्दोष सुटला. स्पीकरचा पडदा फाटला तर मोठ्या आवाजात, विशेषतः खर्जात, फडफड ऐकू येते. नाद मध्येच तुटत नाही.

लॅपटॉप ध्वनिचिपकडे सेकंदाला आवाजाचे साधारण ४८,००० नमुने (आकड्यांतले बारीक तुकडे) पाठवतो. विंडोज ते सहसा १० मिलिसेकंदांच्या घासांनी, म्हणजे एका वेळी ४८०, भरवते. पुढचा घास वेळेत आला नाही की चिप गप्प राहते किंवा मागचाच तुकडा पुन्हा वाजवते. तीच तुमची ‘टर्र’. उशीर करणारा बहुतेकदा भलत्याच भागाचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्राम) असतो. तो प्रोसेसर अडवून धरतो आणि आवाजाचे काम ताटकळते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ८ टक्के दिसला तरी त्यावर जाऊ नका. तो आकडा सरासरीचा असतो, २० मिलिसेकंदांची अडवणूक त्यात दिसत नाही. ठेका चालू असलेल्या गाण्यात असा खंड झाकला जातो, तानपुऱ्यात नाही. म्हणून तपासायलाही हीच फाइल लावा.

आधी वाय-फाय बंद करून १५ मिनिटे ऐका. ‘टर्र’ थांबली तर चोर सापडला. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून वाय-फायचा ड्रायव्हर उतरवा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या प्रोग्रामच्या नादी लागू नका. त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स, वाय-फायवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर आणि तिथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’.

नाही थांबली तर लेटन्सीमॉन हा प्रोग्राम घ्या. घरगुती वापराला तो फुकट आहे. तानपुरा चालू ठेवून तो १० मिनिटे चालवा आणि ‘ड्रायव्हर्स’च्या पानावर सर्वाधिक वेळ खाणारे नाव पाहा. एनडीआयएस म्हणजे नेटवर्क, स्टोरपोर्ट म्हणजे डिस्क, एनव्हीएलडीडीएमकेएम म्हणजे एनव्हिडियाचे ग्राफिक्स. एसीपीआय आले तर संशय बॅटरीच्या व्यवस्थेवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘बॅटरीज’खालची ‘एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ तात्पुरती बंद करून ऐका (तेवढा वेळ बॅटरीचे टक्के दिसणार नाहीत). फरक पडला तर ती पुन्हा चालू करा आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अद्ययावत करा. ते करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवाच. मध्येच वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला तर तो पुन्हा सुरू होण्याचीही खात्री नाही.

ड्रायव्हर निर्दोष निघाले तर साउंड सेटिंग्जमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. तरीही फरक नसेल तर ध्वनीचा ड्रायव्हर बदला: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’, तिथल्या रिअलटेकवर (ध्वनिचिप बनवणारी कंपनी) उजवी क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग संगणकातल्या यादीतून स्वतः निवडण्याचा पर्याय. यादीत ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असेल तर तो घ्या. तो मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आहे.

आणखी एक. रियाजाला बसताना लॅपटॉप सतरंजीवर ठेवत असाल तर आजपासून पाटावर ठेवा. बऱ्याच लॅपटॉपची हवा खालच्या जाळीतून आत जाते. जाळी झाकली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. वीस-पंचवीस मिनिटांनंतरच त्रास सुरू होत असेल, पंखा घोंघावत असेल, तर हेच कारण आधी तपासा.

प्रश्न : लॅपटॉपचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर तुटतो, वायरने नीट येतो. असे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते आणि वाय-फायही त्याच पट्ट्यात असेल तर दोघांची टक्कर होते. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झचे नाव दिसत असेल तर लॅपटॉप त्याला जोडा. यूएसबी ३चा पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावलेली असेल तर काढून पाहा. तिच्यातून निघणारा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. नुसत्या व्हिडिओ कॉलमध्येच आवाज बसका येत असेल तर बिघाड नाही. स्पीकरचा माइक चालू झाला की ब्लूटूथ फोनच्या दर्जाच्या आवाजावर उतरते. कॉलला लॅपटॉपचाच माइक निवडा.