घरात रेडिएशन चालू आहे : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात पत्रं उघडली तर बरीचशी एकाच विषयाची निघाली. घरात कोणाचं तरी कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे. आपल्या खान्देशात त्याला कोणी शेक म्हणतं, कोणी लाईट म्हणतं, काही म्हणा. मशीनवर माणूस दहा-पंधरा मिनिटं असतो, त्याची काळजी घ्यायला तिथे डॉक्टर आहेत, टेक्निशियन आहेत. पण बाकीचा सगळा दिवस घरच्यांच्या अंगावर असतो आणि त्याबद्दल कोणी नीट बसून सांगत नाही. मी डॉक्टर नाही, रेडिएशन विभागात पेशंट आणि नातेवाईकांशी बोलायचं काम बरीच वर्षं केलंय, त्या जोरावर लिहितेय. औषधाचा शब्द शेवटी तुमच्या डॉक्टरांचाच.

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांना गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता नाशिकला रेडिएशन चालू आहे, ३० सांगितलेत, चौथा आठवडा लागलाय. दवाखान्याजवळ खोली घेतलीय, मी आणि सासूबाई राहतो, हे शेती बघून येऊन-जाऊन करतात. आप्पांचं तोंड पूर्ण आलंय, ताट सरकवून देतात, ‘माले नको, लई जाय’ (मला नको, घेऊन जा) एवढंच बोलतात. जन्मभर ठेचा-भाकरी खाल्लेला माणूस, त्यांना काय देऊ? दीर म्हणतात आठ दिवस घरी नेऊ, जरा ताकद आली की परत आणू. — एक सून, अमळनेर तालुका

उत्तर : आधी दिरांचं बघू, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. घरी नेऊ नका. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार असतं आणि शनिवार-रविवारची सुट्टी हिशोबात धरूनच प्लॅन केलेला असतो, त्यावर आपण आठ दिवस अजून घेतले तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना तेवढ्यात परत वाढायला मोकळीक मिळते, आणि तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये तर ही मधली गॅप फार महागात पडते. फारच हाल असतील तर थांबवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, दीर नाही. दिरांचा जीव तुटतो म्हणून ते बोलतात हे मला कळतं, पण मग त्यांना म्हणावं आठ दिवस तुम्ही इथे येऊन राहा आणि वहिनीला घरी पाठवा. ताकद तुम्हालाही लागते ना.

आता खाणं. चौथ्या आठवड्यात तोंड येणं हे ठरलेलंच आहे, आतली कातडी सोलल्यासारखी होते, लाळ चिकट होते, चव जाते, त्यात ते ताट सरकवतात तो राग तुमच्यावर नाही. गिळताना आग होते आणि पुढ्यात भाकरी दिसते, माणूस चिडणारच. ठेचा, मसाला, लिंबू, चिंच, कडक भाकरी, गरम चहा सध्या बंद. आणि एक करा, तीन वेळचं जेवण हा नियम सोडून द्या. दर दोन तासांनी अर्धी वाटी, घड्याळ लावून.

काय द्यायचं तर आपलंच. दादरच्या, म्हणजे आपल्या ज्वारीच्या कण्या घ्या, चांगल्या बोटात विरघळतील इतक्या शिजवा, गार होऊ द्या, मग आंबट नसलेलं ताक घालून मिक्सरला फिरवा आणि गाळून घ्या, गाळणं विसरू नका कारण एक कणी जखमेवर बसली तरी ते पुढचा घोट घेणार नाहीत. वरून साजूक तूप. मुगाचं वरण-भात असाच फिरवून, केळं दुधात कुस्करून (रावेर-यावलच्या केळ्यांचा मान आपण ठेवायचा नाही तर कोणी), शेंगदाण्याचं बारीक कूट दुधात शिजवून, चालत असेल तर अंडं अर्धकच्चं न ठेवता पूर्ण शिजवून दुधात फेटून. शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध मिळतं, ते मागून घ्या, लोक बिचारे सहन करत बसतात आणि सांगतच नाहीत. एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून ठेवा, दिवसातून सात-आठ वेळा गुळण्या, काही खाल्लं की लगेच एक. बाजारातलं झणझणीत माऊथवॉश अजिबात नको.

खाण्यावर मी एवढी का अडून बसलेय तर त्याचं कारण तो जाळीचा मास्क. आप्पांना झोपवून चेहऱ्यावर जो मास्क टेबलाला घट्ट अडकवतात तो पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेलं प्लास्टिक त्यांच्याच चेहऱ्यावर ओढून बनवलेला असतो, नाक-हनुवटी सगळं त्याच मापाचं, आणि किरणांच्या सगळ्या खुणा त्या मापावर. माणूस वाळला की मास्क सैल होतो, डोकं आत हलायला लागतं, मग पुन्हा स्कॅन, पुन्हा मास्क. म्हणून दर आठवड्याला वजन करतात. वजन पटापट उतरत असेल आणि डॉक्टर नाकातून नळी टाकू म्हणाले तर घरात रडारड नको. आपल्याकडे नळी म्हणजे आता संपलं असं समजतात, तसं काही नसतं, तोंड बरं झालं की नळी निघते, आणि नळी असली की निदान जेवणावरून होणारी भांडणं तरी थांबतात.

अजून दोन गोष्टी. रेडिएशन संपल्यावर पहिले एक-दोन आठवडे त्रास अजून वाढतो, तेव्हा ‘संपलं तरी बरं का नाही’ म्हणून घाबरू नका. आणि तोंड उघडायचा व्यायाम, आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायला शिकवतात तो, रोज करून घ्या, नाहीतर जबडा आखडतो. आप्पांच्या उशीखाली पुडी आहे का तेही बघा. गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे पण टपरीवर काय मिळत नाही! तंबाखू चालू ठेवली तर जखम लवकर भरत नाही आणि रेडिएशनचा उपयोगही कमी होतो. मात्र ‘तुम्हीच ओढवून घेतलं’ हे वाक्य आता कोणी बोलायचं नाही. ते त्यांना माहीत आहे.

प्रश्न : आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, ऑपरेशन आणि किमो झाली, आता १५ रेडिएशन आहेत. माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. शेजारच्या काकू आणि माझ्या सासूबाई म्हणतात किरणं अंगात राहतात, बाळाला जवळ देऊ नको, तिची भांडी, बाथरूम वेगळं ठेव. आई पण आता स्वतःहून लांब बसते. खरं काय? — शहादा

उत्तर : खरं हे की बाहेरून मशीनने देतात त्या रेडिएशनमध्ये अंगात काहीही उरत नाही. बटण बंद झालं की लाईट गेली, खोलीत उजेड साठून राहतो का? तसंच. त्यामुळे भांडी एक, बाथरूम एक, अंथरूण एक, सगळं चालतं. आणि कॅन्सर हा सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सासूबाईंनी ऐकलंय ते बहुतेक थायरॉईडच्या कॅन्सरचं असणार, त्यात आयोडीनचं औषध पोटातून देतात आणि मग काही दिवस लहान मुलं, गरोदर बायका यांच्यापासून खरंच लांब राहायला सांगतात. तुमच्या आईचं ते नाही.

फक्त बाळ घेताना ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने उचलायला नको, ते किरणांमुळे नाही, ओझ्यामुळे, त्या हाताला सूज येऊ शकते. बसलेली असताना दुसऱ्या बाजूने मांडीवर द्या. बाळाचं डोकं रेडिएशनच्या कातडीवर घासणार नाही एवढं बघा. बाळाला ताप-सर्दी असली तर चार दिवस लांब, कारण किमो झालेल्या माणसाला इन्फेक्शन लवकर होतं, म्हणजे भीती बाळाला नाही, आईला आहे.

सासूबाईंना तुम्ही सांगून पटणार नाही, सुनेचं कोण ऐकतं. त्यांना एकदा दवाखान्यात सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. मी हे कितीतरी घरांत चाललेलं बघितलंय, आजारापेक्षा ते वेगळं ताट माणसाला जास्त लागतं.

प्रश्न : मिसेसला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे. २५ रेडिएशन आणि मग ‘आतलं रेडिएशन’ सांगितलंय, आठवड्याला एक किमो. १७ झालीत. आखाजी (अक्षय्य तृतीया) आलीय, ती म्हणते माहेरी जायचंच, आखाजीला गेले नाही असं एकही वर्ष नाही. जुलाब होतात, थकते, तरी उठून स्वयंपाक करते. आणि एक विचारायला लाज वाटते, नवरा-बायकोचं काय? डॉक्टरांना विचारता आलं नाही. — चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, लाज वाटूनही विचारलंत हे चांगलं केलंत. रेडिएशन चालू असेपर्यंत आणि नंतरही डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत संबंध नको, आत जखमा असतात. संपल्यावर आतली जागा आखडते, कोरडी पडते, ती मोकळी राहावी म्हणून डायलेटर नावाची कांडी वापरायला शिकवतात, ते फक्त संबंधांसाठी नाही, पुढच्या तपासणीलाही लागतं, तेव्हा ते टाळू नका. पाळी बंद होईल, अंगातून वाफा निघतील, चिडचिड होईल. ती तुमच्याशी बोलत नसेल तर विभागात सिस्टरला सांगा, त्या तिला बाजूला घेऊन सगळं नीट सांगतात. आणि तुम्ही तिच्याजवळ नुसतं झोपायला काहीच हरकत नाही. बरेच नवरे पथारी ओसरीवर हलवतात, त्याचा अर्थ तिने काय घ्यायचा?

आखाजीचं. शुक्रवारचं रेडिएशन करून संध्याकाळी निघा, रविवारी परत या, मधे कामाचा वार येत असेल तर नाही. या आजारात बाहेरचं आणि आतलं, म्हणजे आत नळी ठेवून देतात ते, मिळून साधारण आठ आठवड्यांच्या आत संपवायचं असतं, म्हणून एकेक दिवस मोजायचा. झोका लांबूनच, गाणी भरपूर. सणाचं मांडे-रस ताट समोर आलं तर रस नुसता चाखायचा, कारण जुलाब चालू आहेत, ताक-भात, मऊ खिचडी, ओआरएस हेच बरं. माहेरच्यांना आधीच फोन करून सांगा, नाहीतर ‘एवढीशी पोळी खा गं’ करत आग्रह चालू राहतो.

ती उठून स्वयंपाक करते म्हणजे तिला बरं वाटतंय असं नाही. तिला उठावं लागतं. रेडिएशनचा थकवा झोपूनही जात नाही. थोडं चालणं, हलकं काम चांगलं, पण भाकरी तुम्ही शिका किंवा कोणाकडून तरी आणा. आणि रेडिएशनला जाण्याआधी सांगितलेलं पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात ती कटकट नाही, मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात आणि वाचतात.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. महात्मा फुले योजनेत रेडिएशन बसतं, दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे आधी मंजुरी घ्यायची, पैसे भरून झाल्यावर मागे मिळणं अवघड. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण माफी आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे, दवाखान्याच्या सहीचा फॉर्म लागतो. पुढे मुंबईला टाटाला जायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पेशंट आणि नातेवाईक तिथे राहतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

प्रश्न : वय २६, मानेवर रेडिएशन चालू आहे. दाढी करू का? उन्हात दुकानावर बसावं लागतं. आजी म्हणते हळद-कोरफड लाव. — पाचोरा

उत्तर : ब्लेड नाही. फारच वाटलं तर विचारून ट्रिमर. हळद, कोरफड, पावडर, बाम, सेंट, बर्फ, काहीच त्या जागेवर नको, डॉक्टरांनी दिलेलंच मलम, तेही त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच. साबण घासू नका, कोमट पाणी सोडा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या. अंगावर पेनने मारलेल्या खुणा जाऊ द्यायच्या नाहीत, गेल्या तर घरी स्वतः काढू नका, विभागात सांगा. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन साध्या माणसाला सोसत नाही, तुमची कातडी तर आधीच भाजल्यासारखी झालेली, तेव्हा दुकानात पंख्याखाली आतल्या बाजूला बसा, बाहेर निघताना सुती रुमाल सैल गुंडाळा, टाईट कॉलरचा शर्ट आणि गळ्यातली चेन काढून ठेवा. आजीला म्हणा हळद दुधात चालेल, फारच आग्रह असेल तर चिमूटभर.

प्रश्न : बाबांचं जबड्याचं रेडिएशन होऊन दीड वर्ष झालं, तब्येत छान आहे. आता दाढ दुखते. गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे काढून घेऊ का? — भुसावळ

उत्तर : घाईने काढू नका. रेडिएशन मिळालेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी झालेला असतो, तिथे दात उपटला तर जखम भरत नाही आणि हाड सडायला लागू शकतं, वर्षांनंतरही. म्हणून रेडिएशनच्या आधीच दात तपासून घेतात. आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा, दाढ न काढता रूट कॅनालने भागतंय का ते विचारा, आणि दातांच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की इथे रेडिएशन झालंय. सोबत फाईल न्या. ती सापडत नसेल तर जिथे उपचार झाले तिथे केसपेपर नंबर दाखवून डोसची समरी परत मागा, ती हातात आल्यावरच दाढेला हात लावू द्या.