लग्नाआधीच्या शरीरसंबंधांबद्दल सगळ्या ख्रिस्ती पंथांचं मत एकच असतं का?
कागदावर जवळपास एकच, पण त्याकडे बघण्याची पद्धत वेगळी. कॅथलिक चर्चची भूमिका सर्वांत स्पष्ट आहे. 1992 च्या कॅटेकिझमच्या (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाच्या) 2353 व्या परिच्छेदात अविवाहितांमधला संबंध मानवी प्रतिष्ठेच्या गंभीररीत्या विरोधात असल्याचं म्हटलंय. साखरपुडा झालेल्यांनाही सूट नाही. मात्र पापनिवेदनाची वाट खुली असते. ऑर्थोडॉक्स परंपराही हे पापच मानते. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारी प्रोटेस्टंट मंडळी, थेट बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांवर बोट ठेवतात. तिथला मूळ ग्रीक शब्द 'पोर्निया', मराठी बायबलमध्ये 'जारकर्म'. खरा वाद इथेच आहे: काही उदारमतवादी प्रोटेस्टंट अभ्यासकांच्या मते या शब्दाचा रोख वेश्यागमन, व्यभिचार, शोषण यांवर आहे, लग्न ठरलेल्या जोडप्यावर नाही. मला हा अर्थ जरा ओढूनताणून लावलेला वाटतो, पण तो मांडणारे अडाणी नाहीत. अँग्लिकनांची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची, ओढाताण तर उघडच दिसते. जानेवारी 2020 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांनी संबंध फक्त स्त्री-पुरुषाच्या विवाहातच असावेत असं पत्रक काढलं, आणि काही दिवसांतच त्या चर्चच्या दोन्ही आर्चबिशपांनी (सर्वांत वरिष्ठ बिशपांनी) त्यामुळे दुखावल्या गेलेल्या मनांबद्दल माफी मागितली. शिकवण मात्र बदलली नाही. अर्थात ही झाली अधिकृत शिकवण. चर्चला जाणारे सगळेच तसे वागतात, असं नाही.